कै. डॉ. आनंदीबाई जोशी : विद्येचे धैर्य आणि देहाचे भांडवल

थोर माणसांची चरित्रे वाचताना आपले लक्ष त्यांच्या विद्येकडे, धैर्याकडे व कर्तृत्वाकडे जाते. ती माणसे काय खात होती, वेळेवर जेवत होती की नाही, थंडीवाऱ्यात त्यांच्या अंगावर पुरेसे वस्त्र होते की नाही, या गोष्टी आपणांस क्षुल्लक वाटतात. परंतु ज्या देहाच्या आधारे विद्या संपादन करावयाची, तो देहच अकाली खचला तर पुढील सारे मनोरथ जागच्या जागी राहतात. या सत्याचा हृदयद्रावक दाखला शोधण्यास आपणांस दूर जावयास नको. तो आपल्या कल्याण शहरात वाढलेल्या एका कन्येच्या चरित्रात आहे. अमेरिकेत वैद्यकाची पदवी मिळविणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून डॉ. आनंदीबाई जोशी यांचे नाव आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक असेल. त्यांच्या कीर्तीचे पोवाडे पुष्कळांनी गाइले आहेत. आम्ही मात्र या लेखात त्यांचे चरित्र थोड्या निराळ्या दृष्टीने, म्हणजे अन्न आणि आरोग्य यांच्या दृष्टीने, सांगण्याचे योजिले आहे.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी झाला. माहेरचे त्यांचे नाव यमुना. वडील गणपतराव जोशी यांचे घराणे कल्याणातील जुने व एके काळी सुस्थितीतील. परंतु यमुनेच्या बालपणी त्या वैभवास ओहोटी लागली होती. कल्याण हे उल्हास नदीच्या खाडीवरील प्राचीन बंदर. मुंबईहून ठाण्यापर्यंत आगगाडी १८५३ साली धावू लागली आणि पुढल्याच वर्षी, १८५४ साली, ती कल्याणास पोहोचली. त्यामुळे यमुना लहानाची मोठी झाली ती नव्या व जुन्या काळाच्या उंबरठ्यावर. दाराबाहेर आगगाडीची शिटी ऐकू येई. दाराच्या आत मात्र सारे रीतिरिवाज पूर्वीचेच होते. मुलीचे लग्न लवकर उरकावे, तिने चूल सांभाळावी, आणि घरातील पुरुषांची पंगत उठल्यावर उरलेसुरले जेवावे, हा त्या काळचा सर्वत्र चालत असलेला शिरस्ता होय.

त्या रीतीप्रमाणे १८७४ साली, वयाच्या अवघ्या नवव्या वर्षी, यमुनेचा विवाह गोपाळराव जोशी यांच्याशी झाला व ती आनंदी झाली. गोपाळराव विधुर असून पत्नीहून सुमारे वीस वर्षांनी वडील होते. ते पोस्ट खात्यात कारकून होते. स्वभावाने विक्षिप्त व तापट. परंतु बायकोस शिकवावयाचेच हा त्यांचा निर्धार विलक्षण होता. एकदा आनंदीबाई अभ्यास सोडून स्वयंपाकघरात आजीस मदत करीत असलेल्या त्यांस दिसल्या, तेव्हा त्यांनी रागाच्या भरात त्यांस मारले. इतर घरांत स्वयंपाक न केल्याबद्दल बायको मार खाई; येथे स्वयंपाक केल्याबद्दल खाल्ला. या गोष्टीचे कौतुक करणारे लोक आहेत. आम्हांस ते करवत नाही. कोवळ्या मुलीस मारून शिकविणे हे शिक्षण नव्हे. शिवाय या प्रसंगी पुस्तक आणि चूल जणू एकमेकांचे वैरी आहेत अशी जी समजूत दिसते, तिचे कटू फळ पुढे परदेशात आनंदीबाईंच्याच वाट्यास आले.

गोपाळरावांच्या बदल्यांबरोबर हे जोडपे कल्याण सोडून अलिबागेस व तेथून कोल्हापुरास गेले. पुढे मुंबई, भूज व कलकत्ता असा त्यांचा प्रवास झाला. वयाच्या चौदाव्या वर्षी आनंदीबाईंस मुलगा झाला. योग्य वैद्यकीय मदत न मिळाल्यामुळे ते बालक दहा दिवसांतच निवर्तले. स्त्रियांस पुरुष वैद्यापाशी आपले दुखणे सांगण्याचा संकोच आणि स्त्री वैद्य तर कोठेच नाही, ही अडचण त्यांनी स्वतःच्या काळजावर सोसली. आपणच डॉक्टर व्हावे, या संकल्पाचे बीज येथे पडले.

येथे क्षणभर थांबून एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीचे शरीर स्वतःच वाढत असते. हाडांत कॅल्शियमचा साठा याच वयात होत असतो, रक्त वाढत असते, आणि या सर्वांस डाळी, दूध, भाजीपाला व लोहयुक्त अन्न भरपूर लागते. अशा वयात गर्भ पोसण्याचे ओझे तिच्यावर पडले, तर एकाच ताटावर दोन वाढणारे जीव जेवावयास बसतात आणि दोघांसही पुरत नाही. हा तोटा दुसऱ्या दिवशी डोळ्यांस दिसत नाही. तो सावकाराच्या वहीतील कर्जाप्रमाणे मुकाट्याने वाढत राहतो. पुढे कलकत्त्यास असताना आनंदीबाईंची प्रकृती वारंवार बिघडू लागली. अशक्तपणा, सततची डोकेदुखी, मधूनमधून ताप व धाप लागणे ही लक्षणे परदेशगमनापूर्वीच दिसू लागली होती. म्हणजे त्या बोटीवर चढल्या, त्या वेळी देहाचे भांडवल निम्मेअधिक खर्ची पडलेले होते, असे म्हणण्यास हरकत नाही.

त्यांचा अमेरिकेशी संबंध कसा जुळला, तेही थोडक्यात सांगितले पाहिजे. कोल्हापुरास असताना गोपाळरावांनी पत्नीच्या शिक्षणासंबंधी वाइल्डर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्यास पत्र लिहिले होते. तो पत्रव्यवहार अमेरिकेतील एका मासिकात छापून आला. न्यू जर्सी प्रांतातील रोझेल गावच्या श्रीमती थिओडोसिया कार्पेंटर यांच्या तो १८८० साली दृष्टीस पडला, आणि दूरदेशीच्या या अनोळखी मुलीविषयी त्यांस कळवळा वाटला. पत्रे जाऊ-येऊ लागली. आनंदीबाईंच्या दुखण्याची हकीकत कळताच कार्पेंटरबाईंनी अमेरिकेहून औषधेही पाठविली. परंतु गुण आला नाही.

१८८३ साली गोपाळरावांची बदली कलकत्त्यानजीकच्या श्रीरामपुरास झाली. त्याच वर्षी तेथील महाविद्यालयाच्या दिवाणखान्यात आनंदीबाईंनी भरसभेत भाषण केले. हिंदुस्थानास स्त्री डॉक्टरांची किती गरज आहे हे त्यांनी सांगितले, आणि आपण हिंदू म्हणून जाऊ व हिंदू म्हणूनच परत येऊ असे वचन दिले. अठरा वर्षांच्या मुलीने भर समाजात दिलेले ते वचन होते. धर्म, पोशाख आणि आहार या तिन्ही बाबतींत ते पाळण्याची जोखीम त्यांनी एकटीने शिरावर घेतली. अंगावरचे सोने विकून पैसा उभा केला, आणि १८८३ च्या एप्रिलमध्ये, पती सोबत नसता, दोन मिशनरी स्त्रियांबरोबर त्यांनी कलकत्त्याहून प्रयाण केले. जूनमध्ये त्या न्यूयॉर्कास उतरल्या. कार्पेंटर कुटुंबाने त्यांस पोटच्या मुलीप्रमाणे वागविले. उन्हाळा त्या घरात गेला. त्यानंतर त्या फिलाडेल्फियास गेल्या व तेथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. हे विद्यालय १८५० साली स्थापन झालेले असून डॉ. रेचल बॉडली या त्या वेळी त्याच्या प्रमुख होत्या.

येथून या चरित्राचा जो भाग सुरू होतो, तोच आमच्या विषयाच्या दृष्टीने मुख्य होय. फिलाडेल्फियाचा हिवाळा म्हणजे कल्याणच्या मार्गशीर्ष-पौषातील गोड गारवा नव्हे. तेथे पाणी गोठते व रस्त्यांवर बर्फ साचते. आनंदीबाईंनी लुगडे सोडले नाही. नऊवारीत पायाच्या पोटऱ्या उघड्या पडून थंडी बाधते, म्हणून गुजराती पद्धतीने साडी नेसण्यापुरता काय तो फरक केला. त्यांस मिळालेल्या खोलीतील शेगडी नीट पेटत नसे. पेटविली तर खोलीभर धूर कोंडे आणि विझविली तर थंडीने अंग काकडे. धूर किंवा थंडी यांतून एकीची निवड रोज करावयाची, अशी ती अवस्था होती. मांसाहार वर्ज्य असल्यामुळे भोवतालच्या लोकांचे बरेचसे अन्न त्यांस चालत नव्हते. त्या काळी त्या देशात आपली तुरीची डाळ, आपली नाचणी, आपले ताक व आपल्या पालेभाज्या कोठून मिळणार? अभ्यासाचा भार डोक्यावर, हाताशी माणूस नाही, आणि ज्या अन्नावर देह पोसला ते सात समुद्रांपलीकडे. शरीरास थंडीत उष्णता राखण्यासाठी एरवीपेक्षा अधिक अन्न लागते. येथे गरज वाढली आणि पुरवठा तुटला. लौकरच घटसर्पाच्या दुखण्याने त्यांस ग्रासले, पुढे ताप व मूर्च्छा येऊ लागल्या, आणि खोकला तर कायमचा सोबती झाला. आधीच्या कर्जाची ही नवी बाकी होती.

तथापि त्यांनी अभ्यास सोडला नाही. प्राचीन आर्यांच्या प्रसूतिशास्त्रावर त्यांनी आपला प्रबंध लिहिला. ज्या आयुर्वेदाचा तो विषय, त्यात गर्भिणीने कोणत्या महिन्यात काय खावे यांचेसुद्धा नियम घालून दिलेले आहेत. दुसऱ्या मातांच्या रक्षणाचे शास्त्र शिकणाऱ्या या मुलीस स्वतःच्या ताटाकडे पाहण्यास सवड व साधन नसावे, ही नियतीची केवढी क्रूर थट्टा! ११ मार्च १८८६ रोजी पदवीदान समारंभ झाला. त्या वेळी आनंदीबाईंस एकविसावे वर्ष पुरे होण्यास वीस दिवसांचा अवकाश होता. आदल्या वर्षी अमेरिकेस पोहोचलेले गोपाळराव तेथे हजर होते, आणि नात्यातल्या पंडिता रमाबाई इंग्लंडातून मुद्दाम समारंभास आल्या होत्या. लवकरच कोल्हापूर दरबाराने आनंदीबाईंस आल्बर्ट एडवर्ड इस्पितळातील स्त्रियांच्या विभागाचे प्रमुखपद देऊ केले. ज्या कोल्हापुरातून पत्र गेले, त्याच कोल्हापुरात डॉक्टर होऊन बसण्याचा योग आला होता.

तो योग प्रत्यक्षात उतरला नाही. ऑक्टोबर १८८६ मध्ये पतिपत्नी परतीच्या प्रवासास निघाली, त्या वेळी क्षयाने आनंदीबाईंचा देह पोखरला होता. नोव्हेंबरात त्या मुंबईस पोहोचल्या. त्यांचे मोठे स्वागत झाले. परंतु स्वागताने ताप उतरत नाही. उपचारांसाठी त्यांस पुण्यास आणण्यात आले. त्यांच्या हातून एकाही कोल्हापूरकर भगिनीची नाडी पाहिली जाण्यापूर्वी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास त्यांचा अंत झाला. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आली व त्यांनी ती न्यूयॉर्क प्रांतातील पोकीप्सी येथील आपल्या कुटुंबाच्या स्मशानभूमीत ठेविली.

आता प्रश्न असा की, हा अनर्थ आहारामुळे झाला काय? आम्ही जपून उत्तर देतो. क्षय हा जंतूंपासून होणारा रोग आहे. डॉ. रॉबर्ट कॉख यांनी ते जंतू १८८२ साली, म्हणजे आनंदीबाईंच्या प्रयाणाच्या एकच वर्ष अगोदर, जगापुढे मांडले. त्यावर चालणारे पहिले प्रभावी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १८४३ साली नव्हे तर त्यानंतर शंभर वर्षांनी, १९४३ साली सापडले. जीवनसत्त्वांचे तर नावसुद्धा १९१२ पर्यंत कोणास ठाऊक नव्हते. तेव्हा त्यांस किंवा त्यांच्या स्नेह्यांस दोष देणे अन्यायाचे होईल. तरीपण जंतू शरीरात शिरला म्हणजे प्रत्येकास रोग जडतोच असे नाही. सशक्त देह त्यास दाबून ठेवतो आणि अर्धपोटी देहात तो माजतो, ही गोष्ट आता पूर्ण सिद्ध झाली आहे. झारखंडातील चार जिल्ह्यांत क्षयरोग्यांच्या घरच्या सुमारे दहा हजार माणसांवर एक मोठा प्रयोग झाला व त्याचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांतील एका गटाच्या कुटुंबीयांस दरमहा दरडोई तांदूळ, डाळ व जीवनसत्त्वांच्या गोळ्या देण्यात आल्या. दुसऱ्या गटाच्या कुटुंबीयांस तसे काही दिले नाही. अन्न मिळालेल्या घरांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी भरले. फुप्फुसाचा क्षय तर ४८ टक्क्यांनी कमी झाला.

वाचकांनी हे अन्न कोणते होते ते लक्षात घ्यावे. ते मांस नव्हते, परदेशी पौष्टिक चूर्ण नव्हते. कल्याण-डोंबिवलीच्या प्रत्येक घरात शिजणारा वरणभातच तो होता. यावरून शाकाहार हा आनंदीबाईंचा घातक ठरला, असे म्हणणारांचे म्हणणे अपुरे ठरते. पंडिता रमाबाईही इंग्लंडात असताना मांसाहारापासून दूर राहिल्या. परंतु त्या वॉन्टेज येथे संन्यासिनींच्या मठात, जेथे पंगत वेळेवर मांडली जाई अशा ठिकाणी, राहत होत्या. पुढे त्यांनी अपार कष्ट उपसले आणि १९२२ साली, चौसष्टाव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले. दोघींच्या प्रकृती व परिस्थिती भिन्न होत्या, म्हणून या तुलनेतून आम्ही अधिक काही काढू इच्छीत नाही. एवढे मात्र म्हणतो की, व्रत हे अपायाचे नसते; व्रतास व्यवस्थेची जोड नसणे हे अपायाचे असते. जे वर्ज्य केले त्याच्या जागी काय खावयाचे, ते कोण आणणार, केव्हा शिजविणार, याचा विचार झालाच पाहिजे. व्रत एकट्याने घेता येते. परंतु त्याची व्यवस्था भोवतालच्या माणसांनी मिळून करावयाची असते. आनंदीबाईंचे धैर्य कोठेही उणे पडले नाही. उणी पडली ती व्यवस्था, आणि तीही कल्याणच्या माजघरापासून.

वाचकहो, हे सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीचे झाले असे म्हणून आपणांस सुटता येणार नाही. आज आपल्या गावांत अन्नाची वाण नाही. पण व्यवस्थेची वाण पुष्कळ घरांत आहे. सकाळची गाडी गाठण्याच्या घाईत आईबाप निघतात, मूल उपाशीपोटी शाळेत येते, मधल्या सुटीत डब्याऐवजी वडापाव किंवा पाकिटातील तळलेले खारट पदार्थ खाते, आणि रात्री शिकवणीहून परतल्यावर पेंगत जेवते. त्याने मूल लगेच आजारी पडत नाही, आणि त्यातच फसगत आहे. मीठ, साखर व तळणाचा अतिरेक लहानपणी अंगवळणी पडला, म्हणजे रक्तदाब, मधुमेह व हृदयविकार तिशी-चाळिशीत येऊन दार ठोठावतात. दुसऱ्या बाजूस रक्तक्षीणता आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातील १५ ते १९ वर्षे वयाच्या मुलींपैकी शंभरांत सुमारे ५९ मुलींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. हिमोग्लोबिन कमी म्हणजे अशक्तपणा, डोकेदुखी, धाप. कलकत्त्यातील आनंदीबाईंच्या तक्रारी आमच्या वाचकांस येथे आठवल्यावाचून राहणार नाहीत.

उपाय महागडे नाहीत. तुरीची व मुगाची डाळ, मोडाची मटकी, चवळी, नाचणीची भाकरी, माठ व मेथीसारख्या पालेभाज्या, शेंगदाणे व गूळ, दूध व ताक, आणि ज्यांस चालत असेल त्यांस अंडी व आपल्या खाडीकिनारी मिळणारी मासळी, एवढ्यात देहाची बहुतेक गरज भागते. लोह अंगी लागावे म्हणून भाजीवर लिंबू पिळावे आणि जेवणानंतर लगेच चहा घेऊ नये. परंतु या यादीपेक्षाही महत्त्वाच्या दोन गोष्टी आम्ही पालकांस विनवून सांगतो. पहिली, मुलगा व मुलगी यांस एकाच पंगतीत, सारखेच वाढावे; मुलीच्या ताटातील वाटी कमी भरण्याची जुनी खोड अजून समूळ गेलेली नाही. दुसरी, अभ्यासास बसलेल्या मुलास स्वयंपाकघर परके करू नये. चार पदार्थ आपल्या हातांनी करता येणे हे मुलामुलींस परीक्षेतील गुणांइतकेच आवश्यक आहे. उद्या ती शिक्षणासाठी पुण्यास, दिल्लीस किंवा परदेशी गेली, तर त्यांस एकट्याने आपले पोट नीट भरता आले पाहिजे.

विद्यार्थ्यांस आमचे सांगणे थोडके आहे. आनंदीबाईंपासून निर्धार घ्या, ज्ञानाची भूक घ्या, दिलेला शब्द पाळण्याची निष्ठा घ्या. पण उपाशी राहून जागरणे करण्यात मोठेपणा आहे, असा अर्थ त्यांच्या चरित्रातून काढू नका. तसे केले तर त्यांच्या मरणापासून आपण काहीच शिकलो नाही असे होईल. कोल्हापूरच्या त्या इस्पितळात त्यांची खुर्ची रिकामी राहिली, आणि ज्या मातांसाठी त्या समुद्र ओलांडून गेल्या, त्या मातांस आपली डॉक्टर लाभली नाही. तुमच्यापैकी प्रत्येकाची कोठे ना कोठे अशी एक खुर्ची वाट पाहत आहे. तेथपर्यंत पोहोचून पुढे दीर्घकाळ काम करता येईल असा देह घडविण्याचे हेच वय आहे, आणि तो रोजच्या साध्या ताटावरच घडतो.